विणणारी : अज्ञात

अमेरिकेतल्या नावाहो या मूळनिवासी लोकांनी विणलेल्या जुन्या गालिच्याच्या नोंदकार्डावर बाकी सगळं असतं. कुठल्या व्यापाऱ्याकडून आला, कुणी घेतला, किती डॉलरला, वजन किती पौंड. वजन असतंच, कारण एके काळी तिथले व्यापारी हे विणकाम चक्क तोलून घ्यायचे. महिनोन्‌महिने मागावर बसलेल्या बाईला मोबदला पौंडावर, तोही बरेचदा पीठ, कॉफी, साखर अशा रूपात. आणि विणणारीच्या रकान्यात एकच शब्द : अज्ञात. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातल्या एका संग्रहालयात मी वस्त्रसंवर्धनाचं काम करते, आणि या शब्दाची मला मनापासून चीड आहे. ती बाई अज्ञात कुठे होती? दुकानदार तिला ओळखत होता, तिची उधारी वहीत लिहून ठेवत होता. गालिचा पुढे विकला गेला तेव्हा तिचं नाव सोबत पाठवावं असं कुणाला वाटलं नाही, एवढंच.

गेल्या हिवाळ्यात असाच एक गालिचा बघायला एक कुटुंब आलं. ऐंशीच्या घरातली आजी, तिची मुलगी आणि कॉलेजात शिकणारी नात. न्यू मेक्सिकोत चुस्का डोंगरांच्या पूर्व पायथ्याला टू ग्रे हिल्स म्हणून भाग आहे, तिकडचे हे लोक. तिथलं विणकाम लांबूनही ओळखू येतं, कारण त्यात रंगवलेलं सूत जवळजवळ नसतंच. पांढरी, तपकिरी, काळी लोकर मेंढीच्या अंगावरची. मधल्या करड्या आणि मातकट छटा दोन लोकरी एकत्र पिंजून साधलेल्या. फक्त काळा आणखी गडद व्हावा म्हणून रंगात बुडवतात. आमच्याकडचा गालिचा कार्डाप्रमाणे 1920च्या दशकातला.

लोकांना वाटतं आमचं काम म्हणजे सुईदोरा. या भेटीच्या आधीचा माझा बराचसा वेळ विष शोधण्यात गेला. कसर लागू नये म्हणून जुन्या काळी संग्रहालयांनी लोकरी वस्तूंवर आर्सेनिक, पाऱ्याचे क्षार असं काय काय मारून ठेवलं आहे, आणि कधी, कशावर, किती मारलं याच्या नोंदी बहुतेक ठिकाणी नाहीत. क्ष-किरणांवर चालणारं हातात धरायचं एक यंत्र असतं. ते कापडावर टेकवून जागोजाग मोजायचं. त्यात आर्सेनिक आणि पारा सापडतो, पण नॅफ्थलिनसारखी सेंद्रिय द्रव्यं त्याला दिसत नाहीत, म्हणजे ‘काही सापडलं नाही’ याचा अर्थ ‘काही नाही’ असा होत नाही. आमच्या गालिच्याच्या एका कडेला आर्सेनिक निघालं. म्हणजे हातमोजे सक्तीचे.

हे त्या बाईंना कसं सांगायचं या विचारात मी होते, पण आधी ओळखी झाल्या. नातीने आपल्या भाषेत स्वतःची ओळख करून दिली : आईचं कूळ, मग वडिलांचं, मग आईच्या वडिलांचं, मग वडिलांच्या वडिलांचं. कुठेही अडखळली नाही. कॉलेजच्या मुलीच्या आवाजातला तो ठामपणा मला अजून ऐकू येतो. डिने लोकांत (नावाहो स्वतःला डिने म्हणवतात) मूल आईच्या कुळाचं असतं, आणि ही चार नावं सांगितली की समोरच्याला कळतं आपण एकमेकांचे कोण लागतो.

मग आजींनी मुलीमार्फत मला विचारलं, “तू कुणाकडची? आईकडून सांग.”

मला वडिलांकडचं सगळं पाठ. कुलदैवत, मूळ गाव, देवक. आईकडून म्हणाल तर आजोळ माण तालुक्यात म्हसवडजवळ, धनगराचं घर, आजोबांची मेंढरं, तेवढं सांगितलं. मेंढरं म्हटल्यावर आजी पुढे सरकल्या. कुठल्या जातीची? काळी का पांढरी? लोकरीचं काय करायचात? मी सांगितलं, दख्खनी मेंढी, काळी. लोकर सणगरांकडे जायची, ते घोंगड्या विणायचे, ताण्याला चिंचोक्याची खळ लावून. “अजून आहेत?” नाहीत. मामांनी विकली. त्यांनी मान हलवली आणि म्हणाल्या, “आमची तर विकलीसुद्धा नाहीत.” 1930च्या दशकात जमिनीची धूप थांबवायची म्हणून सरकारने नावाहोंचे कळप सक्तीने कमी करायला लावले. पुष्कळ जनावरं जागीच गोळ्या घालून तशीच टाकून दिली. आजींच्या आईने ते डोळ्यांनी पाहिलं होतं. गालिचा त्याच्या आधीचा, आणि आजींना मुळात बघायची होती ती नक्षी नव्हे, लोकर. तो ज्या मेंढ्यांच्या लोकरीचा, त्या मेंढ्या.

हातमोज्यांचं सांगितलं. मुलीने भाषांतर केलं. आजींचा प्रश्न आला, “हे विष कुणी घातलं?”

“आम्ही,” मी म्हणाले. “आमच्यासारख्या संग्रहालयांनी.”

यावर त्या काही बोलल्या नाहीत. मोजे घातले, गालिच्यावर हात ठेवला आणि लगेच उचलला. मोज्यातून काहीच कळत नव्हतं त्यांना. उभा जन्म बोटांनी लोकर पारखलेल्या बाईला रबरातून काय कळणार? मी पडद्याला जोडायचा सूक्ष्मदर्शक आणला आणि एक एक धागा मोठा करून दाखवायला लागले. दोन मिनिटांत चित्र बदललं. त्या मला हुकूम सोडत होत्या, इकडे घे, खाली घे, आता त्या करड्यावर. पडद्यावर लांब, सरळ, जाड केस आणि त्यात मिसळलेली बारीक लव दिसली आणि त्या एकदम हसल्या. चुरो! स्पॅनिश लोकांबरोबर आलेली आणि नावाहोंनी शतकानुशतकं जपलेली ही मेंढी. लोकरीत चिकटा कमी, केस लांब, मांडीवर चाती फिरवून सूत काढायला हीच उत्तम. विसाव्या शतकात सरकारने रॅम्बुले जातीचे मेंढे आणले, त्यांची लोकर आखूड, कुरळी आणि तेलकट. सत्तरच्या दशकापर्यंत अस्सल चुरो इतकी थोडी उरली होती की 1977मध्ये ती जात वाचवण्यासाठी वेगळा प्रकल्प हाती घ्यावा लागला. नात म्हणाली, तिच्या मामाकडे आता पुन्हा चुरो आहे, आणि तिची नाळ घरच्या मेंढवाड्यातच पुरलेली आहे. त्यांच्यात तशी रीत आहे.

मग आजींनी गालिचा उलटा करायला लावला. गालिचा उलटवणं म्हणजे दोघांनी नळीवर गुंडाळत गुंडाळत फिरवायचं, घाई केली तर जुनं सूत तुटतं. माझ्या तरुण सहकाऱ्याला तेवढ्यात कोपऱ्याजवळची बारीक रेघ दिसली. आतल्या रंगाचा एक धागा किनार पार करून बाहेरच्या कडेपर्यंत जातो, ती. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक गटाला तिच्याबद्दल रसभरित सांगितलं जातं आणि पाहुण्यांना ते फार आवडतं. त्याने विचारलं, याचा अर्थ काय? आजींनी मुलीकडे बघितलं. मुलगी शांतपणे म्हणाली, “ते आम्ही घरी बोलतो.” बरं झालं. सगळं आपल्यालाच सांगितलं गेलं पाहिजे ही संग्रहालयवाल्यांची खोड आहे.

आजींचं लक्ष भलतीकडेच होतं. उभ्या मागावर बाई जमिनीवर बसते, हात पोचतो तेवढा भाग विणून वर नेते, मग सरकून शेजारचा. हे भाग जुळतात तिथे विणीत एक तिरकी रेघ राहते, तिरप्या उजेडात दिसते. आजींनी दिवा खाली धरायला सांगितला. मधल्या पट्ट्यात तिरक्या रेघा दोन्ही बाजूंनी एकमेकींकडे येत होत्या. खाली नव्हत्या, वर नव्हत्या.

“इथे दोघी बसल्या होत्या,” त्या म्हणाल्या. “ही शिकवत होती. ही शिकत होती. इकडे फणी हळू बसली आहे.”

स्थितीच्या अहवालात माझेच आकडे होते : मधल्या पट्ट्यात डावीकडे इंचाला 44 बाण्याचे धागे, उजवीकडे 38. कारणाच्या जागी मी काही लिहिलेलं नव्हतं, कारण मोजपट्टीने कारण सापडत नाही. मी कागद दाखवला. आजींनी तो बघितलासुद्धा नाही. त्या वरचं टोक शोधत होत्या, जिथे शेवटची चार बोटं विणताना ताणा इतका आवळतो की लाकडी पट्टी आत जात नाही आणि एक एक धागा सुईने ओवावा लागतो. ते टोक घट्ट आणि सारखं होतं. “इथे मोठी एकटी. पोरीला इथे बसवत नाहीत.” मग कोपऱ्यातल्या पिळाच्या दोऱ्या बघितल्या, त्या कशा गुंतवल्या आहेत ते बघितलं आणि म्हणाल्या, ही गाठ आमच्याकडची. नाव विचारलं तर म्हणाल्या, “नाव मला माहीत नाही, मग कसं सांगू? कुणाच्या हाताखाली शिकली ते माहीत आहे.”

आणि त्यांनी त्या कुळाचं नाव सांगितलं.

खरा घोळ नंतर झाला. नोंदणी विभागातले गृहस्थ सज्जन आहेत, पण त्यांचं म्हणणं, पुरावा काय? पेन्सिलीने खरडलेली शंभर वर्षांपूर्वीची किंमत पुरावा, आणि सत्तर वर्षं माग लावणाऱ्या बाईचं वाचन म्हणजे ‘कौटुंबिक आठवण’. मी म्हटलं, ही आठवण नव्हे, हे निरीक्षण आहे, आणि माझ्या मोजमापांशी जुळतं आहे. मी तेच लिहिलं असतं तर विनातक्रार दाखल झालं असतं. शिवाय संगणकावरच्या रकान्यात एकच विणणारी मावते. दोघींची सोय नाही. कुळाचं नाव जाहीर करू नका, आतल्या फाइलीत ठेवा, असं कुटुंबाचं म्हणणं होतं. तेही त्या गृहस्थांना पटेना, कारण गुपचूप ठेवलेली माहिती म्हणजे संशोधनाला अडथळा. कुणाच्या संशोधनाला?

त्या रकान्यात अजून ‘अज्ञात’च आहे. माझा लेखी आक्षेप फाइलीत आहे आणि पुढच्या बैठकीत मी तो मांडणार आहे.

नातीने मात्र निघताना मला कामाचं काहीतरी मागितलं. ताण्याचे धागे इंचाला किती, काठाच्या दोरीला किती पदर आणि पीळ कुठल्या दिशेचा, करड्या छटेत पांढरं आणि काळं अंदाजे किती. तिला आजीसोबत असाच एक लावायचा आहे, मामाच्या मेंढ्यांच्या लोकरीचा. मी सगळी मोजमापं घेतली, चारही कोपरे मोठे करून काढले, बाण्याच्या घनतेचा नकाशा केला आणि पाठवून दिला. मधल्या पट्ट्यातल्या तिरक्या रेघाही जिथल्या तिथे दाखवल्या आहेत. आठवड्याने तिचा निरोप आला : ताणा लावला आहे, पण काळी लोकर कमी पडते आहे, कातरणीपर्यंत थांबावं लागेल.