किराणा दुकानाची वेळ कमी करायची, पण कुठून?

महाराष्ट्रात 2017च्या कायद्याने दुकान आठवड्याचे सातही दिवस उघडं ठेवायची मुभा दिली. गल्लीतला वाणी मात्र उलट शटर लवकर ओढतोय. पोरगं गल्ल्यावर बसायला तयार नाही, कामाला माणूस टिकत नाही, आणि रात्रीचं मॅगी-अंडी-कोल्ड्रिंकचं गिऱ्हाईक मोबाईलवरून मागवतं.

वेळ अंदाजाने कापू नका. यूपीआयच्या नोंदीत प्रत्येक पैशाची वेळ असते. चार आठवड्यांच्या नोंदी तासागणिक मांडा. रोखीसाठी वहीत दर तासाला गल्ल्याचा आकडा लिहा. समजा रात्री साडेनऊ ते साडेदहात 600 रुपयांची विक्री झाली. सरासरी 10 टक्के धरले तर सुटले 60. त्यातून पोऱ्याचा तासाचा पगार आणि दिवेपंखे वजा करा, हाती काय उरतं बघा. फ्रीजचं बिल यात धरू नका, तो बंद दुकानातही चालूच असतो.

सकाळ मात्र शक्यतो सोडू नका. दुधात सुटतं थोडंच, पण पिशवी न्यायला आलेला माणूस पाव, चहापत्तीही नेतो. आठला उघडलंत तर टेम्पोवाला क्रेट ओट्यावर टाकून जाणार, मग उन्हाळ्यात दूध नासलं की भांडण कोणाशी?

दुपारी एक ते चार बंद ठेवणं त्यातल्या त्यात सोपं. फक्त कंपनीच्या सेल्समनला आधी सांगा. त्याचा फेरा ठरलेला असतो. शटर बंद दिसलं की तो पुढे जातो, आणि तुमची ऑर्डर थेट पुढच्या फेरीला.