तुम्ही विचारलंत म्हणून: मागच्या चाकाला डिस्क का नाही?

चिरेखाणीत, म्हणजे जांभ्या दगडाच्या खाणीत, सायकल घेऊन उतरलो की वर काठावर उभं असलेलं कोणीतरी विचारतंच, "दादा, एवढी खर्चाची सायकल आणि मागे डिस्क ब्रेक नाही?" गोव्यात दोना पावलाच्या खडकांवर संध्याकाळी फिरायला येणाऱ्यांनीही विचारलं आहे. परवा भाच्याने विचारलं. त्याला स्वतःची ट्रायल्स सायकल बांधायची आहे, त्यामुळे त्याच्याशी सविस्तर बोलावं लागलं. तेच इथे लिहितो.

ट्रायल्स म्हणजे पाय न टेकवता अडथळ्यांवरून सायकल नेणं. आमच्याकडे अडथळे म्हणजे चिरे. खाणीतून काढताना तुटले म्हणून टाकून दिलेले, एकावर एक पडलेले. यात बराचसा वेळ मागच्या एकाच चाकावर जातो. पुढचं चाक हवेत, मागचा ब्रेक आवळलेला आणि खाली वीतभर रुंदीचा जांभा. पुढच्या चिऱ्यावर जायचं तर ब्रेक सोडायचा, त्याच क्षणी पेडल मारायचं, उडी घ्यायची आणि टेकताना चाक पुन्हा गच्च. गच्च म्हणजे गच्चच. चाक दोन बोटं जरी पुढे सरकलं तरी तोल गेला. रस्त्यावरच्या ब्रेकने वेग हळूहळू कमी करायचा असतो. इथे वेग मुळातच नसतो. आपल्याला उभं राहायला जागा हवी असते आणि ती जागा ब्रेक देतो.

म्हणून माझ्या मागच्या चाकाला हायड्रॉलिक रिम ब्रेक आहे, म्हणजे तेलाच्या दाबाने चाकाची धातूची कड (रिम) धरणारा, मागुरा या जर्मन कंपनीचा एचएस ३३. असा ब्रेक त्यांनी १९८७ मध्ये पहिल्यांदा आणला. रचना साधी आहे. लिव्हर दाबली की नळीतलं तेल पुढे सरकतं आणि रिमच्या दोन्ही बाजूंना असलेले दोन छोटे सिलिंडर पॅडना सरळ रिमवर दाबतात. तार नाही. आमच्या खाऱ्या हवेत हे मला फार मोलाचं वाटतं. तारेचा ब्रेक असताना एका पावसाळ्यात तार नळीच्या आत गंजून घट्ट व्हायची.

पण खरं कारण अंतराचं आहे. जात्याचा खुंटा कडेला असतो. तो मधल्या खिळीजवळ ठोकला तर दळणारीचे हात भरून येतील. २६ इंची चाकात रिमवरचा पॅड आसापासून सुमारे २७ सेंटिमीटरवर चाक धरतो. चाकाच्या मध्यावरच्या हबला बसवलेल्या १६० मिलिमीटर व्यासाच्या डिस्कचे पॅड जेमतेम ७ सेंटिमीटरवर धरतात. डिस्कचा कॅलिपर, म्हणजे पॅड दाबणारा चिमटा, पुष्कळ जास्त जोराने दाबून ही तूट भरून काढतो, त्यामुळे डिस्क कमजोर असते असं मी म्हणत नाही. पण डिस्कची पकड हबमधून आऱ्यांत आणि आऱ्यांतून रिमपर्यंत जाते. वाटेत आरे किंचित पीळ खातात. रस्त्यावर ते कधी कळणार नाही. एका चाकावर उभं असताना पायाला कळतं. रिम ब्रेक चाकाला कडेलाच धरतो, मध्ये काही नाही.

पुढच्या चाकाला मात्र माझ्याकडे डिस्कच आहे. पुढे मला थोडा थोडा ब्रेक सोडत उतरावं लागतं, तिथे डिस्क हाताला जास्त समजते. अनेक जण अशीच जोडी ठेवतात.

आता त्रास. नवी गुळगुळीत रिम पकडत नाही. तिच्या कडा ग्राइंडरने खरवडाव्या लागतात, बारीक तिरप्या रेषा एकमेकींच्या अगदी शेजारी मारून. डोळ्यांवर सुरक्षेचा चष्मा लावल्याशिवाय हे करू नका. रेषा झिजल्या की पुन्हा मारायच्या आणि दर वेळी रिम थोडी पातळ होते, एक दिवस ती बदलावी लागते. काही जण रिम न खरवडता तिच्यावर डांबराचा खडा घासतात. एप्रिल-मेच्या उन्हात त्याचा चिकटा झाला, म्हणून मी ते सोडलं. खरवडलेली रिम किंचाळते, शेजाऱ्यांच्या अंगणात सराव नको. रिममध्ये आऊट असेल, म्हणजे ती फिरताना डावी-उजवीकडे डुलत असेल, तर पॅड एका बाजूला घासत राहतात, तेव्हा आऊट काढायला शिकून घ्या. आणि बूस्टर हवाच. ब्रेक दाबला की चाकाच्या दोन्ही बाजूंच्या फ्रेमच्या नळ्या बाहेर फाकतात आणि तुमचा जोर तिथेच वाया जातो. बूस्टर म्हणजे घोड्याच्या नालेच्या आकाराची पट्टी, ती दोन्ही बाजू बांधून ठेवते.

तेलाबद्दल कळकळीने सांगतो. यात मिनरल ऑईल लागतं. मोटारसायकलचं डॉट ब्रेक ऑईल चालत नाही. मी एकदा घाईत एका ठिकाणी ब्रेक ब्लीड करायला, म्हणजे आतली हवा काढून तेल भरायला दिला, तिथे नेमकं तेच भरलं गेलं. काही दिवसांत आतले सील फुगले, लिव्हर परत येईना, आणि लिव्हरसकट सिलिंडर बदलावे लागले. तेव्हापासून औषधाच्या दुकानातल्या सिरिंजने मीच ब्लीड करतो. काही रायडर तेलाऐवजी पाणी भरतात, त्याने लिव्हर हलकी चालते. थंड देशांत ते गोठण्याची भीती असते, गोव्यात ती नाही. तरी मी भरत नाही. आतून गंज धरला तर बाहेरून दिसणार नाही.

भिजलेली रिम कमी धरते, हा आक्षेप सगळ्यांचा असतो आणि तो खरा आहे. डोंगरवाटांवर पावसात सायकल चालवत असाल तर डिस्कच घ्या. पण जून ते सप्टेंबर जांभ्यावर शेवाळ असतं, तिथे कुठलाच टायर टिकत नाही. खाणीत पाणी साचतं, आणि त्या पाण्याची खोली वरून कळत नाही. कृपा करून तिकडे फिरकू नका. ते चार महिने मी पडवीत लाकडी पॅलेटवर सराव करतो. तिथे रिम कोरडी असते. समुद्राच्या खडकांवर गेलो तर घरी आल्यावर बोल्ट आणि सिलिंडर गोड्या पाण्याने धुतो. लाल धूळ पॅडमध्ये बसते, ती स्पिरिटच्या फडक्याने पुसतो.

भाच्याचं काम मात्र वेगळ्याच गोष्टीवर अडलं. त्याने फ्रेम आधीच घेऊन ठेवली होती आणि तिला मागे फक्त डिस्क बसते. रिम ब्रेकसाठी फ्रेमवर चार बोल्टची जागा किंवा निदान तारेच्या व्ही-ब्रेकचे खुंट लागतात, हल्लीच्या बऱ्याच माउंटन बाईकना दोन्ही नसतात. "वेल्डिंग करून घेऊ?" म्हणाला. मी नको म्हटलं. ॲल्युमिनियमची फ्रेम वेल्डिंगच्या उष्णतेने तिथेच कमकुवत होते, आणि नेमका तिथेच सगळा जोर येणार. आहे ती डिस्क लाव, चांगले पॅड घाल आणि वर्षभर शीक, असं सांगितलं. आमची खाण उथळ आहे, दिवाळीनंतर तळ उघडा पडतो. तेव्हा माझी सायकल त्याला देणार आहे. एका बोटाने मागचा ब्रेक आवळून चिऱ्यावर उभा राहा, आणि पुढची फ्रेम घ्यायच्या आधी मला फोन कर, एवढंच त्याला बजावलं आहे.