डार्कलिंग आणि वाचनालयाचं कार्ड

‘दुर्मीळ इंग्रजी शब्द’ म्हणून इन्स्टाग्रामवर जी चित्रं फिरतात, त्यांत शब्द असतो, एका ओळीचा अर्थ असतो, मागे धुकं असतं. तो शब्द कुणी, कुठे, कसा वापरला, एवढंच नसतं. मग आपली मंडळी तो कुठेतरी कोंबतात आणि वाक्य लंगडतं.

इंग्लंडातल्या बहुतेक सार्वजनिक वाचनालयांच्या कार्डावर ऑक्सफर्डचा मोठा इंग्रजी शब्दकोश घरबसल्या फुकट उघडतो. याचं कौतुक करावं तेवढं थोडंच. संकेतस्थळावर वाचनालयाचा पर्याय निवडायचा, कार्डाचा क्रमांक टाकायचा. अर्थाआधी शब्दाची जात बघायची, मग खालची अवतरणं जुन्याकडून नव्याकडे वाचत यायची. शब्दाआधी कट्यारीचं चिन्ह दिसलं तर तो वापरातून गेला समजा.

‘डार्कलिंग’ घ्या. शेवटी ‘इंग’ दिसतं म्हणून लोक त्याला धातुसाधित समजतात. मुळात ते क्रियाविशेषण: अंधारात. ‘लिंग’ हा जुना प्रत्यय (हसू नका), ‘हेडलाँग’मध्ये तोच रूप बदलून बसलाय. शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’मधला विदूषक म्हणतो, मेणबत्ती विझली आणि आपण डार्कलिंग राहिलो. मिल्टनच्या ‘पॅरडाइज लॉस्ट’मध्ये, १६६७ साली, जागं पाखरू डार्कलिंग गातं. १८१९ मध्ये कीट्स नाइटिंगेलला उद्देशून लिहितो, ‘डार्कलिंग आय लिसन’. आता अंधारात आहे तो ऐकणारा! शब्द तोच, जागा उलटी. १८६७ च्या ‘डोव्हर बीच’ या कवितेत आर्नल्डने तो विशेषण म्हणून मैदानाला लावला, आणि पुढे हार्डीने थेट कवितेच्या शीर्षकात घातला, थ्रश पक्ष्याला. तेव्हा ‘डार्कलिंग आकाश’ चालेल, ‘डार्कलिंग बसलो’ त्याहून जुनं. नोकरीच्या अर्जात दोन्ही नकोत.

‘आपल्याकडे, मराठीत, असा कोश नाही’ हा गप्पांतला ठरलेला सूर. साफ खोटं. दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे सात खंड १९३२ ते १९३८ मध्ये निघाले. ऑक्सफर्डच्या कोशाला पहिल्या हप्त्यापासून शेवटच्यापर्यंत ४४ वर्षं लागली. आपल्या कोशात शब्दाचं साल मिळत नाही, मान्य. पण ज्ञानेश्वरीचा, मोरोपंतांचा दाखला मिळतो, आणि शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर तो कोणत्याही कार्डाविना उघडतो. फक्त शोधताना जुनं लेखन वापरा: ‘करणे’ सापडलं नाही तर अनुस्वार देऊन ‘करणें’ टाका.