उभं की आडवं?

आमच्या कारखान्याच्या ऑर्डरच्या वहीत एक रकाना आहे, 'गंध'. त्यात दोनच शब्द येतात: उभं, नाहीतर आडवं. गणपती किती इंची, शाडूचा की पीओपीचा, सोवळं कुठल्या रंगाचं, हे सगळं झालं की अण्णा, म्हणजे माझे सासरे, वहीतून मान वर न काढता विचारतात, "आणि गंध?" निम्मी गिऱ्हाइकं तिथे अडखळतात. इतकी वर्षं घरी गणपती येतोय, पण त्याच्या कपाळावर काय असतं ते कुणी नीट पाहिलेलंच नसतं.

हा रकाना वहीत आला तो माझ्यामुळे.

माझं माहेर त्र्यंबकेश्वरचं. अंघोळ झाली की बाबा मधल्या तीन बोटांनी कपाळावर भस्माचे आडवे पट्टे ओढायचे, शैवांचं त्रिपुंड्र. देवाचं कपाळ म्हटलं की मला तेच दिसायचं. सासर पंचवटीत, काळारामापासून हाकेच्या अंतरावर. इथे सहाणेवर गोपीचंदन उगाळतात आणि वैष्णवांचं उभं गंध लावतात. मधे जेमतेम तीस किलोमीटर, पण सिंहस्थ कुंभमेळ्यात साधूंचीही अशीच वाटणी होते. शैव आखाडे स्नानाला तिकडे कुशावर्तात, वैष्णव इकडे रामकुंडात.

लग्नानंतरच्या पहिल्याच चैत्रात एका मंडळाचा राम रंगायला आला होता. डोळ्यांची आखणी करून अण्णा जेवायला उठले. "गंध तेवढं काढून ठेव गं." मी झिरो नंबरचा ब्रश घेतला, श्वास धरला आणि तीन आडव्या रेघा ओढल्या. इतक्या सरळ आल्या की स्वतःवरच खूश झाले! संध्याकाळी मंडळाची पोरं आली. "काकू, हा राम आहे का महादेव?" एक जण तर मूर्ती उचलायलाच तयार होईना.

पोस्टर कलर होता म्हणून निभावलं. तरी ओलं फडकं फिरवल्यावर पांढरा रंग निळ्यात उतरला आणि कपाळावर आभाळ भरून आल्यासारखं दिसायला लागलं. सगळं कपाळ पुन्हा रंगवलं. मग अण्णांनी दाखवलं. नाकाच्या मुळाशी जोडलेल्या दोन पांढऱ्या रेघा, मधे लाल. "खालून वर ओढ. विष्णूचं पाऊल आहे ते." ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

तेव्हापासून मला कपाळं बघायचा नाद लागला. 2015च्या सिंहस्थात तपोवनात बैरागी हातात आरसा धरून टिळा लावत बसलेले असायचे, मी तिथेच रेंगाळायचे. सगळे रामाचेच, पण मधली रेघ कुणाची लाल, कुणाची पांढरी. दक्षिणेत तर श्रीवैष्णवांचेच दोन पंथ. वडकलैंचं नाम, म्हणजे उभं गंध, इंग्रजी यूसारखं, तेनकलैंचं वायसारखं. कांचीपुरमला मंदिराच्या हत्तीला यातलं कुठलं लावायचं, यावरूनही भांडणं झालीत. त्यापुढे आमचं मंडळ परवडलं.

आणि दुसरीकडे आमच्या त्र्यंबकची गंमत बघा. निवृत्तिनाथांची समाधी तिथे. गुरुपरंपरा नाथांची, थेट आदिनाथ शंकरापासून. पालखी मात्र दरवर्षी विठोबाकडे जाते, आणि त्या विठोबाच्या मस्तकावर शिवलिंग आहे असं वारकरी मानतात. इकडे नाशकातही वैकुंठ चतुर्दशीला कपालेश्वर आणि सुंदरनारायणाची हरिहर भेट होते. त्या दिवशी महादेवाला तुळस, नारायणाला बेल. माझा राम त्या दिवशी गेला असता तर खपला असता, असं मी अण्णांना म्हटलंही होतं. ते नुसते हसले.

गणपतीचं मात्र मला अजून कळलेलं नाही. शंकराचा मुलगा, म्हणजे त्रिपुंड्रच हवं. पण वहीत उभ्या गंधाच्या ऑर्डरी जास्त.

परवा एक नवी नवरी आली होती, घरचा पहिलाच गणपती सांगायला. गंधाचा प्रश्न आला तशी गोंधळली. "माहेरी आडवं असतं, सासरी उभं. तुम्हीच बघा ना."

अण्णांनी रकाना कोरा ठेवला आणि वही माझ्याकडे सरकवली.