शेव टाकली की झाले इंदोरी

मागच्या मे महिन्यात पुण्याला मावसभावाच्या मुलाचं लग्न होतं. आम्ही इंदूरहून नऊ जण, रात्रभर स्लीपर बसमध्ये आंबून सकाळी कार्यालयात पोचलो, तोंडावर पाणी मारलं आणि सरळ नाश्त्याच्या वासाच्या दिशेने निघालो. तिथे डोसा, उप्पीट वगैरेच्या रांगेत एका टेबलावर पाटी होती, चांगली मोठ्या अक्षरात, "अस्सल इंदोरी पोहे". आई थांबली. चष्मा वर केला, खाली केला, पाटी दोनदा वाचली. मग पांढरी टोपी घातलेल्या त्या मुलाला विचारलं, "काय रे बाळा, हे इंदोरी म्हणजे काय असतं?" तो बिचारा मन लावून समजवायला लागला, "आजी, आपले नेहमीचेच पोहे, फक्त वरून शेव टाकतो." आई म्हणाली "हो का", आणि डिश पुढे केली. "मग जरा जास्त टाक."

आईचं वय 78, जन्म इंदूरच्या रामबागेतला, लग्न होऊन गेली ती दोन गल्ल्या पलीकडे. आख्ख्या आयुष्यात तिने इंदोरी पोहे हा शब्द वापरलेला नाही. आमच्याकडे कोणीच वापरत नाही. आमच्या घरात पोहे दोन प्रकारचे, आपले पोहे आणि बाहेरचे पोहे. आपले म्हणजे कांदा फोडणीत परतून, दाणे, कढीलिंब, झाकण ठेवून एक वाफ, वरून ओलं खोबरं, रविवारी नाहीतर कोणी मुलगी बघायला येणार असेल तेव्हा. बाहेरचे म्हणजे बाहेरचे. ते घरी करायला जाऊ नये, माझ्या वहिनीने लॉकडाऊनमध्ये यूट्यूब बघून केले होते आणि त्या दिवशी सगळे फार प्रेमाने चहाच पीत बसलो.

बाहेरच्या पोह्यांची गंमत वाफेत आहे. खाली मोठ्या भांड्यात पाणी खदखदत असतं, त्यावर परातीत पोह्यांचा पिवळा डोंगर, आणि तो सकाळी सहापासून अकरापर्यंत तसाच मऊ आणि गरम राहतो. घरचे पोहे अर्ध्या तासात वातड होतात कारण खालून नुसती कढई तापते आणि होता नव्हता तो ओलावा उडून जातो, इथे खालून सतत वाफच येत असते म्हणून सुकायला वावच नाही. कांदा शिजवलेला नाही, कच्चा, वरून. मध्येच दाताखाली बडीशेप येते, हे पुण्याच्या माणसाला सांगितलं की तो आधी दयेने बघतो. मग शेव, कोथिंबीर, डाळिंबाचे दाणे, लिंबू, आणि शेवटी जिरावन. जिरावन म्हणजे जिरं, धणे, आमचूर, काळं मीठ, हिंग असं बरंच काही असलेली खाकी पूड, डब्याच्या झाकणाला भोकं पाडलेली असतात आणि आमचा पोहेवाला तो डबा पिळून काढल्यासारखा मनगटातून एकदाच फिरवतो. एकदाच. दुसऱ्यांदा मागितलं तर डबा तुमच्या हातात देतो आणि बघत राहतो, की आता घाला काय घालायचं ते.

बाजूला जिलबी हवीच. आमचे आबा, म्हणजे आजोबा, त्यांचं ठाम मत होतं की होळकरांच्या मागेमागे मराठी माणूस माळव्यात आला तेव्हा पोहे आपण आणले आणि शेव-जिलबी तिथल्यांची, त्यामुळे ती प्लेट म्हणजे सोयरीक आहे, तिच्यात वरपक्ष कोण हे विचारू नये. (वरपक्ष आपलाच, हे ते नंतर हळूच सांगायचे.)

तर पुण्याहून परत येताना बसमध्ये डोक्यात तेच चालू होतं, की पदार्थाला गावाचं नाव लागतं कधी? गावात असेपर्यंत तर लागत नाही. कोल्हापुरात तुम्ही कोल्हापुरी मिसळ मागून बघा, माणूस वर बघेल. आणि हॉटेलात व्हेज कोल्हापुरी म्हणून जे लालभडक येतं ते कोल्हापूरच्या कुठल्या घरात शिजतं ते मला एकदा बघायचंय. मंच्युरियन तर विचारूच नका, मंच्युरियातल्या माणसाला आमच्या लग्नातला तो कोबीचा गोळा दाखवला तर तो पासपोर्ट शोधायला लागेल.

माझी भाची कोपनहेगनला असते नोकरीला. तिला मी फोनवर म्हटलं, अगं तुझी मजा आहे, रोज डॅनिश पेस्ट्री. तर ती म्हणाली मावशी, इथे तिला कोणी डॅनिश म्हणत नाही, इथे तिचं नाव विनरब्रॉड, म्हणजे व्हिएन्नाचा ब्रेड. 1850 साली डेन्मार्कच्या बेकरी कामगारांनी संप केला, मालकांनी बाहेरून कारागीर आणले, त्यात व्हिएन्ना ज्या देशात त्या ऑस्ट्रियाचे होते, त्यांनी घड्या घातलेल्या लोणीदार पिठाची आपली पद्धत आणली, संप मिटला पण पद्धत तिथेच राहिली. मी म्हटलं ठीक आहे, मग खरी व्हिएन्नाची. तर म्हणे नाही ना, व्हिएन्नात गेलं की तिथे तिला कोपनहेगनर म्हणतात! म्हणजे दोन्ही गावं एकमेकांकडे बोट दाखवतायत. आपल्याकडे प्रत्येक जण आमचंच म्हणून भांडतो, रसगुल्ल्यासाठी बंगाल आणि ओडिशा किती भांडले, 2017 ला बंगालच्या रसगुल्ल्याला जीआय, म्हणजे पदार्थ त्याच भागाचा असा सरकारी शिक्का, मिळाला आणि 2019 ला ओडिशाच्या रसगुल्ल्यालाही मिळाला, तेव्हा कुठे जरा शांतता झाली. आणि इथे हे दोघं पहले आप पहले आप करत बसलेत.

टर्कीचं तर अजून भारी आहे. तो पक्षी मूळचा अमेरिकेतला. इंग्रजांनी त्याला तुर्कस्तान चिकटवलं, तुर्की लोक त्याला हिंदी म्हणतात म्हणजे भारतातला, फ्रेंचांचं दँद म्हणजेसुद्धा भारताचाच, आणि पोर्तुगीज त्याला पेरू म्हणतात. ज्याला जो देश लांबचा वाटला तो त्याने त्या बिचाऱ्याच्या गळ्यात बांधला. भारतात त्याला विचारतं कोण?

पण मला सगळ्यात वाईट वाटलं ते स्टिल्टनचं. स्टिल्टन हे इंग्लंडचं निळ्या शिरांचं चीज, त्याच नावाच्या गावावरून. लंडनहून उत्तरेला जाणाऱ्या जुन्या हमरस्त्यावरचं हे गाव, घोडागाड्या थांबायच्या, तिथल्या खाणावळीत हे चीज विकलं जायचं, प्रवाशांनी नाव घरोघर नेलं. पुढे नावाला कायद्याचं संरक्षण आलं आणि ठरलं की डर्बीशायर, लेस्टरशायर आणि नॉटिंगहॅमशायर या तीन परगण्यांत बनेल तेच स्टिल्टन. आणि स्टिल्टन गाव आहे केंब्रिजशायरमध्ये. म्हणजे स्टिल्टनमध्ये स्टिल्टन बनवून त्या नावाने विकलं तर तो गुन्हा! उद्या कोणी असा कागद काढला की इंदोरी पोहे फक्त देवास आणि उज्जैनला बनतील, तर राजवाड्यासमोर काय होईल याची कल्पना करा.

उलटंही असतं हं. जे खरोखर परगावाहून आलं आणि घरात मुरलं, त्याचं गाव आपण साफ पुसून टाकतो. आईची एकादशी घ्या. साबुदाणा ज्या कंदाचा तो कसावा दक्षिण अमेरिकेचा, दाणे तिकडचे, बटाटा तिकडचा आणि त्याचं नावही पोर्तुगीजांनी दिलेलं, मिरची तिकडची, रताळंही. ताटात आपलं म्हणायला तेवढं तूप. आणि साबुदाणा आजही येतो तो तमिळनाडूच्या सेलमहून. हे सगळं मी एकदा आईला उत्साहाने सांगितलं, ऐन आषाढीला, तर ती म्हणाली, "मग? विठोबाला चालतं ना?" विषय संपला. आमच्या सराफ्यात, दिवसभर सोन्या-चांदीचा बाजार आणि रात्री दुकानं बंद झाली की त्यांच्याच पायऱ्यांसमोर खाण्याचा, तिथे हीच खिचडी परत वाफेवर ठेवलेली मिळते, वरून जिरावन आणि फरियाली, म्हणजे उपासाचं, मिक्श्चर, आणि रात्री बारा वाजता ती खाणाऱ्यातल्या निम्म्या लोकांचा उपवास नसतो. तिला कोणी ब्राझिली खिचडी म्हणत नाही. भुट्ट्याचा कीस घ्या, मका मेक्सिकोचा, पण तुपात किसून परतला, दूध घातलं, हिंग-मोहरी दिली, की त्याला आता कोण पासपोर्ट विचारतंय.

नावं सारखी असली तरी फजिती व्हायची ती होतेच. गेल्या वर्षी दिल्लीहून नवऱ्याचे मित्र आले होते, उन्हातून आले, म्हणाले पहिले शिकंजी पिऊया. त्यांच्याकडे शिकंजी म्हणजे लिंबूपाणी. इंदूरला शिकंजी म्हणजे घट्ट आटवलेलं दूध, केशर, सुकामेवा, ग्लासात चमचा उभा राहील अशी. घाम पुसत त्यांनी मोठ्ठा घोट घेतला आणि मग बराच वेळ ते काही बोललेच नाहीत. नंतर विचारलं, "ये मीठा है?" दुसरा ग्लास मात्र स्वतः जाऊन आणला.

असो. तर लग्नाहून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आईला हुक्की आली, म्हणाली चल, पोहे खाऊ. मी म्हटलं काल तर खाल्ले पुण्यात. "ते इंदोरी होते," आई म्हणाली, "आपण पोहे खाऊ."

नेहमीच्या ठेल्यावर गेलो. गर्दी होतीच, स्कूटरवर बसून खाणारे, एक शाळेचा मुलगा दप्तरासकट जिलबीच्या तव्यापाशी खिळलेला. आईचा नंबर आला तेव्हा तिने अगदी गंभीर चेहऱ्याने सांगितलं, "भिया, दो प्लेट इंदोरी पोहा देना."

त्याचा हात परातीवर थांबला. वाफेतून त्याने आधी आईकडे बघितलं, मग माझ्याकडे, की माताजींची तब्येत ठीक आहे ना.

"तो रोज कौनसा देता हूं, माताजी?"

आणि मनगटातून डबा फिरवला. एकदाच.