'निकाली काढला' म्हणजे नक्की काय केलं?

परवा शेजारच्या काकू एक सरकारी पत्र घेऊन आल्या, एकदम खुशीत. म्हणाल्या, "वाच बरं, काम झालं वाटतं." पत्रात काय, तर 'उपरोक्त विषयान्वये आपणांस कळविण्यात येते की, विहित मुदतीत त्रुटींची पूर्तता न झाल्याने सदर अर्ज निकाली काढण्यात आला आहे.' काकूंनी त्यातला 'निकाली' तेवढा पकडला, निकाल लागला म्हणजे काम झालं! आता त्यांना कसं सांगू की अर्ज बंद केलाय. बरं, कुठला कागद कमी होता, परत अर्ज करता येतो का, विचारायचं कोणाला, अख्ख्या पत्रात काहीच नाही.

मला विचाराल तर खरी गोची अवघड शब्दांपेक्षा त्या 'येते'ची आहे. कळविण्यात येते, कार्यवाही करण्यात यावी... अरे पण कोणी करावी? तुम्ही की मी? कर्ताच गायब. दरवेळी मुद्दाम करतात असंही नाही म्हणा, जुन्या पत्राची फाईल उघडायची, नाव नि तारीख बदलायची, झालं नवीन पत्र, त्यामुळे तेच वाक्य वर्षानुवर्षं फिरत राहतं.

हे दुखणं जगभरचं आहे. स्वीडनने 2009 च्या भाषा कायद्यातच लिहून टाकलं की सरकारी भाषा सोपी आणि समजेल अशी हवी, अमेरिकेने 2010 मध्ये यासाठी वेगळा कायदा केला, आणि 2023 मध्ये आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचं सोप्या भाषेसाठीचं स्टँडर्डही आलं. त्यातली मला आवडलेली गोष्ट म्हणजे ते नुसत्या छोट्या वाक्यांवर थांबत नाही. वाचणाऱ्याला हवं ते सापडलं का, कळलं का आणि ते वापरून पुढचं काम करता आलं का, हे बघायचं. काकूंचं पत्र तिन्हीत नापास.

सोपं लिहिलं की कायदेशीर वजन जातं असं काही जण म्हणतात, मला नाही पटत. तारीख, कारण, नियम सगळं सोप्या भाषेतही मावतं.

मग मीच ते पत्र लिहून बघितलं. 'आम्ही तुमचा अर्ज बंद केला आहे, कारण तुम्ही ______ दिलं नाही.' इथेच अडलो. ती रिकामी जागा भरायला सोमवारी काकूंबरोबर ऑफिसात जातोय.