नोंदच नाही, तर ब्लॉक देणार कसे?

तालुक्याच्या गावातल्या एका संस्थेच्या छापखान्यातली जुन्या ब्लॉकची, म्हणजे चित्रं छापायच्या, लाकडी ठोकळ्यावर बसवलेल्या जस्ताच्या ठशांची पेटी मला हवी होती. तिथलं साप्ताहिक केव्हाच बंद पडलं, ट्रेडल हे छपाईयंत्रही थांबलं. संस्थेचे अध्यक्ष लगेच हो म्हणाले, रक्कमही ठरली. मग अर्ज कार्यालयात गेला आणि तिथेच बसला.

जडवस्तू नोंदवहीत, म्हणजे टिकाऊ सामानाच्या यादीत, ट्रेडल होतं, कटिंग मशीन होतं, खिळ्यांच्या, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांच्या केसेस होत्या, खिळे जुळवणाऱ्या कंपोझिटरचं स्टूलसुद्धा होतं. ब्लॉक मात्र नव्हते. नोंद नाही म्हणून निर्लेखन, म्हणजे वहीतून वस्तू कमी करणं नाही, निर्लेखन नाही म्हणून विक्री नाही. "मग आता नोंद करा," म्हटलं, तर खरेदीचं बिल मागितलं. दर फेरीला तेच उत्तर, आणि इकडे पेटी ठेवलेला माळा गळत होता. तळाच्या ब्लॉकवर जस्ताची पांढरी पूड धरायला लागली होती. माझा जीव तुटत होता. ही पेटी गेली असती तर लाकूड बंबात आणि पत्रा भंगारात, दुसरं काही झालं नसतं.

त्यात नवीन हरकत आली: वस्तू जुनी आहे, पुरातत्त्व खात्याची परवानगी आणा. 1972च्या कायद्यानुसार अशी वस्तू पुरावशेष ठरायला निदान शंभर वर्षं जुनी लागते. पण वय दाखवायचं कशावरून? पेटीत बैलजोडीचा ब्लॉक सापडला. बोटभर रुंद, जोखडाची रेघ अजून धारदार. बैलजोडी हे स्वातंत्र्यानंतरच्या निवडणुकांमधलं काँग्रेसचं चिन्ह होतं आणि 1971च्या निवडणुकीत इंदिरा गांधींच्या पक्षाकडे गाय-वासरू आलं. म्हणजे ब्लॉक त्या मधल्या काळातला, शंभर वर्षांचा नव्हेच. तिथेच शाई लावून ठसा उमटवून दाखवला. ती हरकत गेली.

नोंदवहीचा तिढा सोडवला एका निवृत्त कंपोझिटर काकांनी. ते म्हणाले, ब्लॉक हे सामान नव्हतंच. पुण्याहून करून आणायचे आणि छपाईखर्चात टाकायचे, व्हाउचर बघा. गठ्ठ्यात ब्लॉकमेकरची बिलं निघाली, चौरस इंचाचा दर लावलेली. म्हणजे ब्लॉक उपभोग्य वस्तू, निर्लेखनाचा प्रश्नच नाही. समितीचा साधा ठराव पुरला. इतक्या साध्या गोष्टीसाठी अख्खा पावसाळा गेला, याचा राग अजून आहे.

तुम्ही असं काही मिळवायला निघालात तर हरकत तोंडी ऐकून परत येऊ नका, लेखी मागा. अर्जाची पोच घ्या. आणि आधी जुन्या कामगारांना भेटा, कार्यालयात नंतर जा.

ब्लॉक रॉकेल आणि मऊ ब्रशनं पुसा. तारेच्या ब्रशनं हाफटोनचे, म्हणजे फोटोच्या ब्लॉकवरचे बारीक ठिपके जातात आणि चेहरा सपाट होतो. पत्रा लाकडापासून सोडवू नका. ठोकळ्यासकट त्याची उंची खिळ्याइतकी, म्हणजे 0.918 इंच असते, तरच तो मजकुरासोबत छापता येतो. खिळे हाताळलेत तर हात धुतल्याशिवाय जेवू नका, त्यात शिसं आहे.

  

हो, पावतीवर "भंगार" लिहू देऊ नका. मी "छपाईचे जुने ब्लॉक, एक पेटी" असं लिहून घेतलं, खाली साप्ताहिकाचं नाव घालून.